कासवे वाचली, कासवमित्रांचे काय?

सागरी कासवांच्या संरक्षणात महाराष्ट्राने चांगले काम केले, असे आता सरकारही म्हणते आणि वर्तमानपत्रेही म्हणतात. ते खोटे नाही. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या किनाऱ्यांवर पंचवीस वर्षांपूर्वी कासवाची अंडी सर्रास उकरून नेली जात, खाल्ली जात, विकली जात, तिथे आज अंड्यांना कुंपण आहे, घरट्यावर तारखेची पाटी आहे आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची माणसे मुलाबाळांसह गाड्या करून येतात. पण हे काम केले कोणी? गावातल्या पोरांनी केले, म्हाताऱ्यांनी केले, काही ठिकाणी बायकांनी केले. शासनाच्या आणि संस्थांच्या भाषेत त्यांना 'कासवमित्र' म्हणतात. नाव गोड आहे. या मित्राच्या हातावर हंगामाला जे टेकवले जाते त्यालाही एक गोड नाव आहे, मानधन. गोड नावांचा आमच्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. म्हणून या विषयावर आज आम्ही लिहीत आहोत.

आधी श्रेय द्यायचे ते देऊ. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी गेले होते. तिथे त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की अंडी काढणारे लोक गावातलेच आहेत. संस्थेने पोलिसांना बोलावले नाही. अंडी कुठे असतात हे ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक होते त्यांनाच राखणीला घेतले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, गावाला चार पैसे मिळू लागले. वेळासचे पाहून अंजर्ले, केळशी, गुहागर, वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर हे काम पसरले. पुढे वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी त्याला हात दिला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात आहे. आंबडव्याला दर्शनासाठी जाणारे आमचे किती बांधव त्याच तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कधी गेले असतील?

हे काम काय असते ते शहरातल्या वाचकांना नीट कळले पाहिजे, कारण 'स्वयंसेवा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी हातमोजे घालून प्लॅस्टिक गोळा करणारे कॉलेजचे विद्यार्थी येतात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत मागच्या पायांनी मडक्याच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबून टाकते आणि समुद्रात परत जाते. ती मागे वळून पाहत नाही. तिच्या मागे राहतो तो वाळूतला माग, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. कासवमित्राला हा माग कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी शोधावा लागतो. त्यासाठी रात्री, पहाटे, थंडीत किनारा तुडवावा लागतो, तोही मोठा दिवा न लावता, कारण उजेडाने मादी बुजते. माग सापडला तर अंडी नेमकी कुठे आहेत ते काठीने वाळूचा पोकळपणा तपासून ओळखावे लागते. काठी जराशी जास्त खुपसली तर अंडे फुटते. मग ती अंडी हलक्या हाताने काढून, उलटीपालटी होऊ न देता, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची. तारीख लिहायची, संख्या लिहायची. पंचेचाळीस ते साठ दिवस राखण करायची. पिल्ले निघायची वेळ आली की घरट्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायचे. शेवटच्या घरट्यातली पिल्ले निघेपर्यंत मे महिना येतो. म्हणजे सहा-सात महिन्यांचे काम. हे कौशल्याचे काम आहे, जबाबदारीचे आहे आणि रात्रपाळीचे आहे. कोणत्याही कारखान्यात यातल्या एकेका गोष्टीसाठी वेगळा भत्ता मागता आला असता.

आता कायद्याकडे वळू. सागरी कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात घातल्या आहेत. कागदावर कासवाला काही कमी नाही. त्याला राखणाऱ्या माणसाला कागदावर काय आहे, ते पाहण्यासाठी मालवणपर्यंत जाऊ.

मालवणला महाराष्ट्रातले सागरी अभयारण्य आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३ चौरस किलोमीटरच्या थोडा वर. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड, प्रवाळ, मासे, सगळे त्यात आले. आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यात रापण ओढणारा, होडी घालणारा गाबीत समाजाचा मच्छीमारही त्यातच आला. त्याला कोणी विचारले नाही. परिणाम काय झाला? 'अभयारण्य' हा शब्द उच्चारला की मालवणचा मच्छीमार आजही सावध होतो, विरोधाला उभा राहतो. त्यासाठी त्याला निसर्गाचा शत्रू ठरवणारे लेख आम्ही वाचले आहेत. लिहिणाऱ्यांनी कायदा वाचलेला नसतो. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हितरक्षणाची पुरेशी तजवीज आधी केली पाहिजे, असे कायद्याचे कलम २६-अ सांगते. पण हे कलम १९९१ च्या दुरुस्तीने आले. मालवणची अधिसूचना त्याआधी चार वर्षे निघाली होती. म्हणजे ज्या हमीची गरज संसदेला १९९१ साली पटली, ती हमी मिळण्याआधीच मालवणच्या मच्छीमाराच्या पाण्यावर शिक्का बसला. तो विरोध करतो यात नवल कसले!

आणि हाच मच्छीमार समुद्राचा राखणदारही आहे, हे विसरता येत नाही. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आंदोलने कोणी केली? पारंपरिक मच्छीमारांनी. त्यांच्या रेट्यामुळेच फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. एलईडी दिवे लावून मासे ओढून घेणाऱ्या बोटींवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्या बोटी रात्री कुठे दिसतात हे सरकारी गस्तीनौकेआधी होडीवाल्यालाच समजते. जाळ्यात कासव किंवा देवमाशाचे पिल्लू सापडले तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये काढली. ही योजना आम्हाला योग्य वाटते, कारण तिच्यात माणसाच्या नुकसानीची किंमत मान्य केली आहे. तुम्ही निसर्गासाठी झीज सोसली, ती झीज आम्ही भरून देतो, असा सरळ व्यवहार आहे. जाळे कापणाऱ्याला हा न्याय लावता येतो, तर सहा महिने रात्र जागणाऱ्याला का लावता येत नाही?

वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे मधूनमधून किनाऱ्याकडची माणसे येतात. एका गावच्या वाडीतला एक तरुण एकदा वही घेऊन आला होता. दोनशे पानी वही. कोणत्या रात्री किती वाजता निघालो, कुठे माग दिसला, अंडी किती, पिल्ले किती, सगळे तारीखवार, सुवाच्य अक्षरात. आम्ही विचारले, "तुमच्याकडे नेमणुकीचा कागद आहे का?" तो म्हणाला, "साहेब, सर्टिफिकेट आहे." ते प्रमाणपत्र त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवले. त्यावर त्याचे नाव होते आणि निसर्गप्रेमाबद्दल कौतुक होते. मानधन किती, कधी मिळणार, कोण देणार, रात्री साप चावला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, यातले एक अक्षर नव्हते. हंगाम संपून पावसाळा लागला तरी त्याचे पैसे आले नव्हते. त्याला दावा लावायचा नव्हता. "पुढच्या वर्षी घेणार नाहीत ना, साहेब," एवढीच त्याला भीती होती. ही भीती ज्याला वाटते त्याला स्वयंसेवक म्हणता येईल का? स्वयंसेवक तो, जो उद्या येणार नाही म्हणाला तर त्याच्या घरची चूल विझत नाही.

इथे शब्द जपून वापरले पाहिजेत. स्वेच्छेने, आनंदाने, पोट भरलेले असताना चार दिवस किनाऱ्यावर येऊन मदत करणाऱ्याला आम्ही वेठबिगार म्हणणार नाही. तसे म्हणणे त्याचाही अपमान आणि वेठीत मेलेल्यांचाही. आमच्या चळवळीलाही स्वयंसेवा नवी नाही. ६ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी लाखो लोक येतात. त्यांना रांगेत लावणारे, पाणी देणारे, भोजनदान करणारे, दुसऱ्या दिवशी किनारा झाडणारे सगळे स्वयंसेवकच असतात. समता सैनिक दलाचा सैनिक गणवेश स्वतःच्या पैशाने शिवतो. पण तो दोन-तीन दिवसांनी आपल्या नोकरीवर, रोजगारावर परत जातो. त्याच्या त्या सेवेवर सरकारी खात्याचे वार्षिक उद्दिष्ट उभे नसते. जिथे शासनाचे कायद्याने ठरलेले काम वर्षानुवर्षे, ठरल्या वेळी, ठरल्या किनाऱ्यावर, अहवाल देण्याच्या बोलीवर गावातल्या गरिबाकडून करून घेतले जाते, तिथे त्याला कोणतेही नाव द्या, ते काम आहे. आणि कामाला मजुरी असते.

ही आमच्या घरची व्याख्या नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. दिल्लीतल्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही या अनुच्छेदातली सक्तीची मजुरीच आहे. सक्ती काठीची असते तशी भुकेचीही असते. पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात सरकारने सांगून पाहिले की हे तर मदतीचे काम आहे, त्याला किमान वेतन कशाला. न्यायालयाने ते मानले नाही. आणि 'मानधन' या शब्दाचे म्हणाल, तर २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की त्यांना मिळणारे मानधन हे ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते वेतनच होय. कासवमित्र म्हणजे अंगणवाडी सेविका नव्हे, त्यांचे काम हंगामी आहे, हे आम्हाला कळते. हा निर्णय त्यांना जसाच्या तसा लागू होईल असे आम्ही म्हणत नाही. पण 'मानधन' असे लिहिले म्हणजे मजुरीचा प्रश्न मिटला, ही सरकारी समजूत तिथे मोडली गेली, एवढे तरी वनविभागाच्या लेखाधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या वाचकांना यात जुनी ओळख पटेल. गावची शीव राखणे, रात्री हाळी देणे, सरकारी निरोप पोहोचवणे, मेलेले जनावर ओढणे, या सगळ्याला 'वतन' असे भारदस्त नाव होते. महाराचा 'मान' होता. मोबदल्यात भाकरीचे तुकडे आणि नापीक तुकड्याची जमीन. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले, ते याच मानाच्या फसवणुकीविरुद्ध. राखण करणाऱ्याला रोख, ठरलेला, मागता येईल असा पगार हवा, नाहीतर त्याला त्या कामातून मोकळे करा, ही त्यांची मागणी होती. हे काम करू नका असे आम्ही किनाऱ्यावरच्या तरुणांना म्हणत नाही. करा, पण बाबासाहेबांनी मागितले तसे मागून करा.

पैशाइतकाच प्रश्न निर्णयाचा आहे, आणि तो आम्हाला अधिक गंभीर वाटतो. उद्या एखादा किनारा 'संवर्धन राखीव' म्हणून जाहीर करायचा ठरला तर? २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ३६-अ आले. सरकारी मालकीचा भूभाग किंवा सागरभाग स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून राखीव जाहीर करता येतो. अभयारण्यापेक्षा ही वाट बरी, असे पुष्कळ चांगली माणसे सांगतात. पण पुढचे कलम ३६-ब वाचा. राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापनाबाबत सल्ला देण्यासाठी जी समिती असते तिच्यात कोण? वनविभागाचा एक प्रतिनिधी, तोच सचिव. प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक. वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन. शिवाय कृषी खात्याचा एक आणि पशुसंवर्धन खात्याचा एक. पुन्हा वाचा. गावाचा एक, संस्थांचे तीन! किनाऱ्यावरच्या राखीव क्षेत्राच्या समितीत जनावरांच्या खात्याला जागा आहे, मत्स्यव्यवसाय खात्याला नाही, मच्छीमाराला नाही, रात्री राखण करणाऱ्याला तर नाहीच. कायदा जंगल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आणि समुद्राला तोच सदरा चढवला.

ग्रामपंचायतीचा तो एक प्रतिनिधी कोण असेल, हे कोकणातल्या वाडीवाडीने वसलेल्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. जैवविविधता कायद्याखालील २००४ च्या केंद्रीय नियमांत गावपातळीवरच्या समितीसाठी निदान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य अशी अट घातलेली होती. वन्यजीव कायद्याच्या समितीत तशी एक ओळही नाही. मग गावाचा आवाज म्हणून जो आवाज जाईल तो बौद्धवाडीचा असेल का, खारवीवाडीचा असेल का, दाल्दी मोहल्ल्याचा असेल का?

हाच प्रश्न पर्यटनाच्या पैशाला लागू होतो. महोत्सवाला येणारा पाहुणा कोणाच्या घरी उतरतो? ज्याच्या घराला पडवी आहे, जास्तीची खोली आहे, आत संडास आहे, ज्याचे घर किनाऱ्याजवळ आहे त्याच्या घरी. कोकणात कोणाला जागा, कोणाला वाडी, कोणाला माळरान हे निसर्गाने ठरवलेले नाही, खोतीने ठरवले. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले तेव्हा ते याच रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांच्या जमिनीबद्दल बोलत होते. खोती गेली, घरांच्या जागा राहिल्या. हा आम्ही कोणा एका गावावर आरोप करत नाही. काही गावांनी पाहुणे पाळीपाळीने वाटून घेण्याची रीत घातली असेल तर ती वाखाणण्याजोगीच आहे. पण ती पाळी शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचते का, हे पाहणारा कोणी हवा. शासन महोत्सवाला मदत देते, मग मदतीसोबत ही अट घालायला काय हरकत आहे?

आमच्यातलेच काही कार्यकर्ते विचारतील, कासवांचे काय घेऊन बसलात? अत्याचार थांबलेले नाहीत, शिष्यवृत्त्या रखडतात, अनुशेष भरला जात नाही, आणि तुम्ही कासव राखणार! या आक्षेपाला आम्ही हसून उडवणार नाही. पर्यावरण हा विषय आजवर ज्यांनी हाताळला त्यांनी तो आपल्यापर्यंत येऊच दिला नाही. आला तेव्हा झोपडपट्टी हटवण्याची नोटीस घेऊन आला. म्हणून हा राग आहे. पण विषय त्यांच्याकडे सोपवून आपले काय साधले? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ खटल्यात सांगितले की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, वने ही जनतेची ठेव आहे. सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. महाडला ज्या लोकांनी सार्वजनिक पाण्यावर आपला हक्क ओंजळीने सिद्ध केला, त्यांना हे तत्त्व समजायला न्यायालयाच्या निकालाची गरज नव्हती. ठेव जनतेची असेल तर ती राखण्याच्या समितीत, तिच्या पगारपत्रकात आणि तिच्या उत्पन्नात आपण असलेच पाहिजे. अनुच्छेद ५१-क ने वन्यजीवांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दया हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले. प्रत्येक नागरिकाचे. ते कर्तव्य फक्त किनाऱ्यावरच्या गरिबाने रात्री बजावायचे आणि बाकीच्यांनी सकाळी फोटो काढायचे, असे त्यात लिहिलेले नाही.

सरकारची दया कुठे संपते तेही पाहा. होडीवाल्याला सांगायचे, एक कासव अडकले तर जाळे काप. आणि त्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला डहाणूजवळ वाढवण येथे, मच्छीमारांचा वर्षानुवर्षांचा विरोध असताना, ७६ हजार कोटी रुपयांवरच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणीही झाली. दयेची अपेक्षा ज्याच्याकडून करायची तो माणूस नेहमी लंगोटीतलाच का असतो?

२०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवले. तिचे नाव ठेवले प्रथमा. त्या हंगामात आणखी चौघींना अशीच नावे मिळाली. त्या कुठे पोहत गेल्या हे रोज वर्तमानपत्रांत येत होते. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, तेव्हा विज्ञानाला मोठी माहिती मिळाली. पूर्व किनाऱ्याचे कासव पश्चिमेलाही येते हे कळले. किनाऱ्यावर कोणीतरी जागे होते म्हणून तिच्या वल्ह्यासारख्या पायावरचा क्रमांक वाचला गेला. कासविणींची नावे लोकांना पाठ झाली, ते ठीकच. पण ज्या वह्यांमधून घरट्यांचे आकडे अहवालात जातात, त्या वह्या लिहिणाऱ्यांची नावे त्या अहवालात छापायला शाई कितीशी लागते?

आता करायचे काय? मंडणगड, दापोली, गुहागर, श्रीवर्धन, मालवण, वेंगुर्ला या तालुक्यांत आपल्या शाखा आहेत, वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आपल्या तालुक्यातल्या कासवमित्रांची यादी करावी, त्यात बौद्ध किती, खारवी-गाबीत किती, मुस्लिम किती, महिला किती हे पाहावे. मग माहिती अधिकाराखाली विभागीय वन कार्यालयाला अर्ज करावा. दहा रुपये लागतात; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. मागील तीन हंगामांत किनाऱ्यावरील राखणीसाठी किती निधी आला, मानधनाचा दर कोणत्या आदेशाने ठरला, प्रत्येकाला कोणत्या तारखेला बँकेत पैसे जमा झाले, अपघात विमा उतरवला आहे का, एवढेच विचारावे. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. नाही आले तर पहिले अपील. अर्ज कासवमित्राच्या नावाने करू नये, शाखेच्या एखाद्या कार्यकर्त्याने स्वतःच्या नावाने करावा. पुढच्या वर्षी घेणार नाहीत ही भीती त्याला आहे, आपल्याला नाही.

उत्तर हाती आले की ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जी ग्रामसभा भरते ती नेमकी विणीच्या भर हंगामात येते. त्या सभेत दोन ठराव मांडता येतील. राखण करणाऱ्या प्रत्येकाला हंगामाच्या सुरुवातीलाच लेखी नेमणूक, दरमहा बँकेत मजुरी आणि विमा मिळावा, हा एक. आणि किनाऱ्यासंबंधी कोणतीही समिती नेमताना त्यात राखणदारांचा, मच्छीमारांचा आणि अनुसूचित जातीचा प्रतिनिधी ग्रामसभेने निवडून द्यावा, हा दुसरा. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून सही-शिक्क्यानिशी घेऊन मगच सभेतून उठावे.